डोळ्यासमोरचं चित्र आणि मनातला नकाशा

गोष्ट वाचताना ‘सगळं डोळ्यासमोर उभं राहिलं’ असं आपण म्हणतो, तेव्हा दोन निराळ्या गोष्टी एकाच नावाने ओळखतो. पहिली म्हणजे चित्र: पडद्याचा रंग, खिडकीतला उजेड, पात्राचा चेहरा. दुसरी म्हणजे नकाशा: कोण कुठे, कशाच्या वर, कशाच्या मागे. नकाशाला रंग लागत नाही, आणि कथानक कळायला बहुतेकदा तोच लागतो.

ब्रान्सफर्ड, बार्कले आणि फ्रँक्स या मानसशास्त्रज्ञांचा 1972 चा प्रयोग पाहा. तीन कासवं तरंगत्या ओंडक्यावर बसली होती आणि मासा त्यांच्या खालून गेला, असं वाक्य लोकांना ऐकवलं. पुढे ‘मासा ओंडक्याखालून गेला’ हे न ऐकवलेलं वाक्यही ऐकल्याचं ते सांगू लागले. कासवं ओंडक्याच्या शेजारी असली, की हा घोटाळा होत नसे. म्हणजे शब्द विरले, मांडणी उरली.

पण ही मांडणी म्हणजेच चित्र, असं का म्हणू नये? याचं सर्वांत नेमकं उत्तर फ्रँकलिन आणि ट्वर्स्की यांच्या 1990 च्या अभ्यासात आहे. ‘तुम्ही’ला मधोमध उभं करून भोवती वस्तू मांडलेल्या गोष्टी वाचायला दिल्या, मग कुठल्या दिशेला काय आहे ते विचारलं. मनातलं चित्र न्याहाळून उत्तर द्यायचं असतं, तर समोरचं आधी सापडायला हवं आणि मान वळवावी लागते म्हणून पाठीमागचं सर्वांत उशिरा. प्रत्यक्षात उभ्या वाचकाला डोक्यावरचं आणि पायाखालचं सर्वांत लवकर आठवलं, मग पुढचं-मागचं, शेवटी डावं-उजवं. वर-खालीला गुरुत्वाकर्षणाचा आधार आहे, पुढची-मागची बाजू शरीरातच वेगळी आहे. डावं आणि उजवं मात्र जवळजवळ सारखं. हा नकाशा शरीरावर बेतलेला असतो.

ज्यांना मनात चित्र दिसतच नाही, त्यांच्याकडे पाहूनही हेच पटतं. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा लोकांनी पाहिलेल्या खोल्या आठवणीतून रेखाटल्या. वस्तू कमी, रंग कमी. पण जागा इतरांइतक्याच अचूक. (हा प्रयोग वाचनाचा नव्हता, तरी फरक दाखवायला पुरेसा आहे.)

नकाशा आपोआप तयार होतो, हा समज मात्र चुकीचा. झ्वान आणि व्हॅन ओस्टेनडॉर्प यांनी 1993 मध्ये रहस्यकथेचे वाचक तपासले: मुद्दाम सांगितल्याशिवाय ते जागेचे बारकावे फारसे जुळवत नाहीत. वर्णनाचा क्रमही आड येतो. ‘कपाट दाराजवळ, टेबल कपाटाजवळ, दिवा टेबलावर’ हे लगेच बसतं, कारण प्रत्येक नवी वस्तू आधीच्या वस्तूला टेकते. ‘कपाट दाराजवळ, दिवा टेबलावर, टेबल कपाटाजवळ’ म्हटलं, की दिवा-टेबल ही जोडी तिसरं वाक्य येईपर्यंत अधांतरी सांभाळावी लागते आणि तिथेच नकाशा मोडतो. पडद्याच्या रंगावर चार वाक्यं वाढवून तो दुरुस्त होत नाही. तिसरं वाक्य दुसऱ्याच्या जागी आणावं लागतं.