स्वस्त विमान कंपनी आणि ‘उडान’चं तिकीट

एप्रिल २०२५ मध्ये अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचं विमान केंद्राच्या ‘उडान’ योजनेखाली सुरू झालं. तेव्हापासून वरुड-दर्यापूरकडे स्वस्त विमान म्हणजे सरकारी विमान, असा समज दिसतो आणि नागपूरहून उडणारी इंडिगोही त्यातच धरली जाते. तिकीट दोन्हीकडे स्वस्त मिळू शकतं; फरक आहे तो स्वस्ताईचा भार कोण उचलतं यात.

स्वस्त कंपनी स्वतःचा खर्च कापते. भारतात ही वाट २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कननं पाडली. ती टिकली नाही. २००६ मध्ये आलेली इंडिगो टिकली. शक्यतो एकाच जातीची विमानं घ्यायची, म्हणजे वैमानिकांचं प्रशिक्षण आणि सुटे भाग एकाच प्रकारचे लागतात. एअरबस ए-३२० मध्ये दाटीवाटीनं १८० च्या आसपास खुर्च्या बसवायच्या. उतरलेलं विमान अर्ध्या तासात परत उडवायचं, कारण बरीच विमानं भाड्याची असतात आणि उभ्या विमानाचंही भाडं चालूच राहतं. जेवण, आवडीची जागा, जादा सामान यांचे पैसे वेगळे. संत्र्याची पेटीही सामानाच्या वजनातच मोजली जाते, आणि जादा किलो काउंटरवर घेतले तर आगाऊ घेण्यापेक्षा महाग पडतात. एवढं करूनही दर बांधलेला नसतो. जागा भरत गेल्या की तो चढतो. दिवाळीत तर विचारूच नका. शिवाय एकाच विमानाच्या दिवसभर फेऱ्या असल्यानं सकाळी दिल्लीत धुकं पडलं की संध्याकाळी नागपुरात उशीर. हिवाळ्यात दुपारी-संध्याकाळी निघणार असाल तर हे धरूनच चाला.

‘उडान’ ही कंपनी नाही, केंद्राची योजना आहे. तिचं पहिलं विमान एप्रिल २०१७ मध्ये शिमला-दिल्ली मार्गावर उडालं. कंपनी मार्गासाठी बोली लावते, साधारण निम्म्या जागा ठरलेल्या कमाल दरात विकते आणि तूट तीन वर्षं सरकार भरून देतं. सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला ही मर्यादा २,५०० रुपये होती. नंतर दर बदलले. उरलेल्या जागा बाजारभावानं जातात. म्हणून शेवटच्या आठवड्यात तिकीट काढणाऱ्याला ‘उडान’चं विमानही महाग पडतं. रेशनकार्ड किंवा उत्पन्नाचा दाखला लागत नाही, फोटोचं ओळखपत्र पुरतं.

कंपनीचं नाव पाहून योजना ओळखू नका, स्वस्त कंपन्याही ‘उडान’चे मार्ग घेतात. आणि भरपाई आहे म्हणून मार्ग टिकेलच असंही नाही. गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर २०२२ मध्ये ‘उडान’खाली फ्लायबिग ही कंपनी आली नि बंद पडली, २०२३ च्या डिसेंबरात तिथे इंडिगो आली.

बेलोऱ्याची धावपट्टी १,८५० मीटरची, त्यामुळे तिथे सत्तरेक आसनांचं एटीआर हे छोटं विमान येतं. सेवा सुरू झाली तीच आठवड्यातून तीन दिवस. अशा मार्गावर विमान रद्द झालं तर दुसरं त्याच संध्याकाळी मिळत नाही. मुंबईत कोर्टाची तारीख किंवा ऑपरेशन असेल तर आदल्या फेरीनं जा, नाहीतर अमरावती-मुंबई एक्सप्रेसचं आरक्षण हाताशी ठेवा. कंपनीनं विमान रद्द केलं तर पूर्ण पैसे किंवा दुसरं विमान मागता येतं. तुम्ही स्वतः रद्द केलंत, तर ‘परतावा नाही’ लिहिलेल्या तिकिटावरचेही विमानतळाचं शुल्क आणि कर परत मिळतात. ते मागून घ्या.