आतड्यांतील जिवाणू आणि उतारवयातील स्त्रियांची हाडे

मोठ्या आतड्यातील जिवाणूंचा हाडांच्या झिजेशी संबंध असावा, असे दिसते. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन हे स्त्रीसंप्रेरक घटले की हाड कुरतडणाऱ्या पेशी हाड बांधणाऱ्या पेशींवर मात करतात. मणके, मनगट आणि खुबा ठिसूळ होतात. चाळीतल्या ओल्या मोरीत पाय घसरून आजीचा खुबा मोडतो, तेव्हा झीज बहुधा कैक वर्षांची असते.

या झिजेत आतड्याचाही हात असावा, असे उंदरांवरील प्रयोग सुचवतात. इस्ट्रोजेन कमी झाल्यावर आतड्याचे अस्तर सैल पडते, जिवाणूंचे अंश आत झिरपतात, प्रतिकारपेशी चेततात आणि त्यांतून सुटणारी दाहकारक द्रव्ये हाड पोखरू लागतात. जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांत लिंगसंप्रेरके थांबवूनही आतले जाळीदार हाड टिकले, असे २०१६ साली दिसले. उलट, तंतुमय अन्न आंबवून काही जिवाणू ब्युटिरेटसारखी आम्ले तयार करतात. ती दाह शमवतात.

माणसांतला पुरावा मात्र अजून तोकडा आहे. स्वीडनमध्ये ७५ ते ८० वर्षांच्या, हाडांची घनता कमी असलेल्या ९० स्त्रियांवर झालेल्या चाचणीत (२०१८) लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी हा जिवाणू वर्षभर घेणाऱ्यांची नडगीच्या हाडाची घनता ०.८३ टक्क्यांनी घटली, न घेणाऱ्यांची १.८५ टक्क्यांनी. त्यामुळे मोठी आशा वाटली. पण रजोनिवृत्ती नुकतीच झालेल्या २३९ स्त्रियांना तोच जिवाणू दोन वर्षे देऊनही फरक पडला नाही (२०२४). म्हणून महागड्या प्रोबायोटिक (उपयुक्त जिवाणूंच्या) कॅप्सूलवर पेन्शनचे पैसे घालण्याआधी विचार करावा.

मुंबईतल्या बायका विचारतात, मग घरचे दही? विरजण कधी शेजारणीकडून येते, कधी डेअरीच्या दह्यातून. त्यात नेमके कोणते जिवाणू आहेत हे घरोघरी बदलते, आणि चाचणीतला जिवाणू त्यात असेलच असे नाही. तरीही दही-ताक ताटात हवेच, कारण त्यातून कॅल्शियम आणि प्रथिने मिळतात. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि जिवाणूंना लागणारा तंतूही; भाकरी, आंबील दोन्ही चालतात. इमारतींच्या दाटीत राहणाऱ्या, दिवसभर घरातच असणाऱ्या वृद्धांनी ड जीवनसत्त्व तपासून घ्यावे.

हाडांच्या झिजेचे निदान डेक्सा तपासणीने, म्हणजे क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजून होते. टी-स्कोअर (निरोगी तरुण व्यक्तीच्या तुलनेतली घनता) उणे २.५ किंवा त्याखाली असल्यास अस्थिसुषिरता (ऑस्टिओपोरोसिस) मानतात. त्यावरची औषधे दह्यासाठी किंवा कॅप्सूलसाठी बंद करू नयेत.