पक्षीघरासाठी कॅमेरा : आधी जाळी, मग मेगापिक्सेल

चौकशीला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "किती मेगापिक्सेलचा घेऊ?" त्यावर आम्ही उलट विचारतो, "जाळीचं भोक केवढं आहे?" समोरचा माणूस जरा गोंधळतो. पण उघड्यावरच्या पक्षीघरात कॅमेरा फसतो तो बहुतेक वेळा जाळीपायीच. फाटकावर किंवा दुकानात उत्तम चालणारा कॅमेरा इथे आणून लावला की दिवसा तारा दिसतात, रात्री तर ताराच दिसतात, आणि वायफाय रुसून बसते. म्हणून हे पत्रक.

जाळीबाहेर की आत?

शक्य असेल तर बाहेर. वायर चोचीपासून लांब राहते, पक्षी बिचकत नाहीत आणि काच पुसायला दर वेळी आत शिरावे लागत नाही. मात्र कॅमेरा जाळीपासून हातभर लांब ठेवू नका. तेवढ्या अंतरावरून तारा चांगल्या ठसठशीत उमटतात, आणि आपोआप फोकस करणारा कॅमेरा असेल तर तो पक्ष्याऐवजी तारेवरच फोकस धरून बसतो. भिंग जाळीला जवळजवळ टेकवा. तार अगदी पुढ्यात आली की ती चित्रात धुरासारखी विरून जाते. भोक भिंगापेक्षा मोठे असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर तेवढा चौकोन कापून कडेने पत्र्याची चौकट बसवावी लागते, आणि ती बसवताना फट राहता कामा नये. फिंचसारखा चिमुकला पक्षी फार थोड्या जागेतून निसटतो आणि उंदीर तेवढ्याच जागेतून आत येतो.

काहीजण जाळीला मंद काळा रंग देतात. नव्या जाळीची चकाकी गेल्यामुळे पलीकडचे खरोखरच स्वच्छ दिसते. पण आत पोपटवर्गातले पक्षी असतील तर हा उपाय आम्ही सुचवत नाही. ते रंग खरवडून खातात.

आत लावायचाच असेल तर वायरचा एक इंचही उघडा सोडू नका. प्लॅस्टिकची नळी पोपटाला खेळणे वाटते. पोलादी नळीच हवी. कॅमेऱ्याचे डोके सपाट असेल तर दोन दिवसांत ती बसायची आवडती जागा होते आणि शेपटी भिंगापुढे लोंबते. वर तिरका पत्रा ठोकला की पाय घसरतात आणि पक्षी नाद सोडतात. बसण्याच्या काठीच्या बरोबर खाली कॅमेरा का लावू नये, हे सांगायला नको.

रात्रीचा उजेड

अंधारात पाहण्यासाठी कॅमेऱ्याला इन्फ्रारेड दिवे असतात. हा उजेड जवळच्या जाळीवर आपटून सरळ भिंगात परत येतो. कॅमेऱ्याला वाटते उजेड भरपूर आहे, म्हणून तो चित्र आणखी गडद करतो. परिणामी पांढरीफटक जाळी आणि मागे मिट्ट काळोख. यावर उपाय एकच : कॅमेऱ्यातले दिवे बंद करून वेगळा इन्फ्रारेड दिवा बाजूला, जमल्यास जाळीच्या आतल्या अंगाला लावणे. याचा आणखी एक फायदा असा, की उजेडाला येणारे किडे आणि त्यांच्या मागून येणारे कोळी भिंगापासून लांब राहतात. भिंगापुढे विणलेले एकच जाळे रात्रभर वाऱ्याने हलून शेकडो खोट्या सूचना पाठवू शकते.

उजेडाच्या लहरीच्या लांबीवरून दिवे दोन प्रकारचे मिळतात. ८५० नॅनोमीटरचा लांब पोचतो, पण जवळून पाहिला तर मंद लाल ठिपके दिसतात. ९४० नॅनोमीटरचा दिसत नाही, मात्र त्याची पोच बरीच कमी. दहा-बारा फुटांच्या पक्षीघराला ती पुरते, म्हणून आम्ही शक्यतो ९४० घ्यायला सांगतो.

'रात्रीही रंगीत चित्र' अशी जाहिरात असलेले कॅमेरे इथे नकोत. त्यातले बरेचसे हालचाल होताच पांढरा दिवा पेटवतात. कॉकाटेल पाळणाऱ्यांना पुढचे सांगावे लागत नाही : एक पक्षी दचकतो, फडफडतो, त्याच्या आवाजाने सगळे अंधारात जाळीवर आदळतात आणि सकाळी रक्ताळलेले पंख सापडतात. नेमके हेच टाळायला कॅमेरा घ्यायचा आणि त्यानेच ते घडवायचे, याला काय म्हणावे! कॅमेऱ्यावरचा चालू-बंद दाखवणारा छोटा दिवाही सेटिंगमधून बंद करून टाका.

आता मेगापिक्सेल

मेगापिक्सेलपेक्षा भिंग महत्त्वाचे, हे आकड्यांतच पाहू. सर्वसाधारण कॅमेऱ्यात २.८ मिलिमीटरचे भिंग असते (हे भिंगाचे नाभीय अंतर, आकार नव्हे). ते सुमारे १०० अंशांचा पट्टा टिपते, म्हणजे तीन मीटर अंतरावर जवळपास सात मीटर रुंदी. ६ मिलिमीटरचे भिंग ५० अंशांच्या आसपास, म्हणजे तेवढ्याच अंतरावर पावणेतीन मीटर. बजरीगर चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण १८ सेंटीमीटर. ८ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात २.८चे भिंग असेल तर तो बजरीगर सुमारे १०० पिक्सेलांत मावतो. २ मेगापिक्सेलच्या साध्या कॅमेऱ्याला ६चे भिंग असेल तर १२० पिक्सेल मिळतात. म्हणजे स्वस्तातला कॅमेरा पक्षी जास्त स्पष्ट दाखवतो! शिवाय तेवढ्याच आकाराच्या सेन्सरवर (उजेड टिपणाऱ्या चिपवर) जास्त पिक्सेल कोंबले की रात्री चित्रात रवाळपणा येतो, तो वेगळाच.

म्हणून आधी ठरवा, पाहायचे काय? कोण आत शिरले, सगळे जागेवर आहेत का, एवढेच हवे असेल तर कोपऱ्यात उंचावर एक रुंद भिंग पुरे. आजारी पक्षी ओळखायचा असेल, म्हणजे पिसे फुलवून कोण बसलाय, दाण्याकडे कोण फिरकत नाही, तर खाण्याच्या भांड्यावर आणि रात्रीच्या काठीवर अरुंद भिंग हवे. पायातल्या कड्यावरचा आकडा वाचायचा असेल तर चौकट फार तर मीटरभर रुंदीची आणि कॅमेरा ८ मेगापिक्सेलचा. तिथे मात्र मेगापिक्सेल कामाला येतात. एकाच कॅमेऱ्यात तिन्ही गोष्टी बसवायचा आग्रह आम्ही रोज ऐकतो. दोन साधे कॅमेरे घ्या, एका महागड्यापेक्षा बरे.

सावली-उन्हाचा प्रश्न असतोच. निम्मे पक्षीघर छताखाली आणि निम्मे उन्हात असेल तर एक बाजू काळी किंवा दुसरी पांढरी पडते. यासाठी कॅमेऱ्यात खरा डब्ल्यूडीआर हवा, म्हणजे ऊन आणि सावली दोन्ही एकाच चित्रात नीट दाखवायची सोय. माहितीत १२० डेसिबल असा आकडा पाहा. 'डिजिटल डब्ल्यूडीआर' म्हणजे नुसती रंगसफेदी.

घरट्याच्या पेटीत

इथे नेहमीचा कॅमेरा चालत नाही. त्याचा फोकस मीटर-दीड मीटरच्या पुढे जुळवलेला असतो, आणि पेटीत अंडी असतात वीत-सव्वा वीत अंतरावर. ज्याचे भिंग हाताने फिरवून फोकस जवळ आणता येतो असा चिमुकला कॅमेरा घ्या, तो झाकणाच्या आतल्या बाजूला बसवा आणि त्याचा इन्फ्रारेड मंदच ठेवा. वेळ सगळ्यात महत्त्वाची. जोडीने पेटी धरण्याआधी हे काम उरका. अंडी घातल्यावर पेटी उघडून स्क्रू पिळत बसलात तर मादी घरटे सोडून जाऊ शकते. मोठ्या कॅमेऱ्यासाठीसुद्धा चार दिवस आधी त्याच जागी रिकामी खोकी टांगून ठेवली की बिचकणे कमी होते.

वायर की वायफाय?

हा धडा आम्ही स्वतःच्या चुकीतून शिकलो. सुरुवातीच्या एका कामात राउटर दहा पावलांवर होता, तरी चित्र अडकत होते. कॅमेरा बदलला, राउटर बदलला, तेच. शेवटी लक्षात आले की जाळीचे दार उघडले की चित्र सुरळीत चालते आणि लावले की अडखळते. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी असते साडेबारा सेंटीमीटर, आणि जाळीची भोके होती सव्वा सेंटीमीटरची. इतक्या बारीक धातूच्या जाळीतून लहर नीट बाहेर पडतच नाही, आणि वर पत्र्याचे छत असले की विचारूच नका. त्यामुळे आत लावायचा कॅमेरा नेटवर्क केबलवरचाच घ्या. वीज आणि चित्र दोन्ही एकाच केबलमधून जातात, आणि ही केबल १०० मीटरपर्यंत चालते. वायफायच हवे असेल तर अँटेना जाळीबाहेर राहील असा कॅमेरा निवडा.

बॅटरीवरचे कॅमेरे पक्षीघरासाठी आम्ही विकत नाही. ते उष्णतेची हालचाल जाणवली की जागे होतात. बारक्या फिंचची उष्णता त्यांना बऱ्याचदा कळत नाही, आणि थव्याची कळली तर दिवसभर जागे राहून बॅटरी संपते.

पाणी, धूळ, साठवण

पाइप मारून पक्षीघर धुता ना? मग आयपी ६६ असे पाणी-धुळीपासूनच्या संरक्षणाचे मानांकन असलेला कॅमेरा घ्या. त्यातला पहिला ६ धुळीसाठी, दुसरा जोरदार पाण्याच्या फवाऱ्यासाठी. कॉकाटेल आणि काकाकुआंच्या पिसांची पांढरी भुकटी उडते, तिच्यासाठीही तो पहिला ६ उपयोगी. काच आठवड्यातून एकदा ओल्या मऊ कापडाने पुसा, फवारणीचे औषध वापरू नका.

४ मेगाबिट वेगाने सतत चित्रण केले तर दिवसाला साधारण ४३ जीबी भरतात, म्हणजे १२८ जीबीचे कार्ड तीन दिवसांत संपून जुने पुसू लागते. चित्र जास्त दाबून साठवणारा एच.२६५ हा प्रकार निवडला तर जवळपास दुप्पट दिवस मिळतात. कार्ड सततच्या लेखनासाठी बनवलेलेच घ्या, मोबाइलमधले जुने टाकू नका. आणि कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.

आम्हाला विचारण्याआधी

पक्षीघराची लांबी-रुंदी-उंची, जाळीच्या भोकाचे माप, आत कोणते पक्षी आहेत आणि वीज किती अंतरावर आहे, एवढे लिहून पाठवा. सोबत दोन फोटो : एक दुपारचा, छताची सावली पडलेली असताना, दुसरा तिन्हीसांजेचा, पक्षी झोपायच्या काठीवर बसले असताना. दुसऱ्या फोटोला फ्लॅश मारू नका.