करोनरी धमनीविकार : प्रतिमांवरून प्रगतीचे पूर्वानुमान

हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरवणाऱ्या करोनरी धमन्यांच्या भित्तीत मेद, तंतू व कॅल्शियम साचून थर (प्लाक) तयार होतो. हा थर पुढे किती वाढेल आणि त्यातून हृदयविकाराचा झटका येण्याचा संभव किती, याचा प्रतिमांच्या आधारे बांधलेला अंदाज म्हणजे हे पूर्वानुमान होय.

मेसन सोन्स यांनी १९५८ मध्ये आरंभलेल्या करोनरी अँजिओग्राफीत (धमनीत रंगद्रव्य सोडून काढलेल्या क्ष-किरण प्रतिमांत) धमनीची फक्त पोकळी दिसते, भित्ती दिसत नाही. ग्लागोव्ह व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले, की थराने सुमारे ४० टक्के जागा व्यापेपर्यंत धमनी बाहेरच्या बाजूला रुंदावत जाते आणि पोकळी जवळजवळ तेवढीच राहते. म्हणून अँजिओग्राफी निर्दोष आली, तरी धमनी निरोगी आहे असे म्हणता येत नाही.

भित्तीतील कॅल्शियम मोजण्याची रीत अ‍ॅगॅट्स्टन यांनी १९९० मध्ये मांडली. सीटी स्कॅनमध्ये १३० हाउन्सफिल्ड एककांहून (हाउन्सफिल्ड एकक म्हणजे सीटीवरील घनतेचे माप) घन दिसणाऱ्या प्रत्येक ठिपक्याचे क्षेत्रफळ घेऊन त्याला घनतेनुसार १ ते ४ या गुणकाने गुणतात व सर्व गुणाकारांची बेरीज करतात; ही बेरीज म्हणजे कॅल्शियम गुणांक. शून्य गुणांक आल्यास नजीकच्या काही वर्षांतला धोका बराच कमी मानला जातो. मात्र कॅल्शियमविरहित मऊ थर या मोजणीत निसटतो. गुणांकातील वाढीचा अर्थ लावताना तर विशेष सावध राहावे लागते. ५ चौरस मिलिमीटरच्या ठिपक्याची घनता २९० एकके असेल, तर गुणक २ धरून गुण १० होतात. क्षेत्रफळ तेवढेच राहून घनता ४२० झाली, तर गुणक ४ होऊन ते २० होतात. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन औषधांनी थर अधिक घन व स्थिर होत असल्याने, असा दुप्पट झालेला आकडा पाहून आजार बळावला असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरू शकते.

सीटी अँजिओग्राफीत (शिरेतून रंगद्रव्य देऊन केलेल्या सीटी स्कॅनमध्ये) भित्तीही दिसत असल्याने थराचा पोत कळतो. ३० एककांहून कमी घनतेचा मेदयुक्त गाभा, धमनीचे बाहेरच्या बाजूला रुंदावणे, कॅल्शियमचे विखुरलेले बारीक ठिपके आणि गाभ्याभोवतीचे उजळ कडे ही धोक्याची लक्षणे होत. स्कॉटलंडमधील स्कॉट-हार्ट अभ्यासात अशा कमी घनतेच्या थराचे प्रमाण ४ टक्क्यांहून अधिक असलेल्या रुग्णांमध्ये झटक्याचा धोका जवळपास पाचपट आढळला.

धमनीत नळी घालून केलेल्या अल्ट्रासाउंडने व प्रकाशीय तपासणीने आणखी बारकावे मिळतात, तरीही नेमका कोणता थर फुटेल हे सांगता येत नाही. २०११ च्या प्रॉस्पेक्ट अभ्यासात पातळ आवरणाचे (म्हणून फुटण्याचा संभव अधिक मानलेले) म्हणून ओळखलेल्या ५९५ थरांपैकी सुमारे साडेतीन वर्षांत केवळ २६ थरांमुळे पुढे त्रास उद्भवला. त्यामुळे एका थरापेक्षा सर्व धमन्यांतील एकूण साठ्यावरून रुग्णाचा धोका जोखणे अधिक भरवशाचे वाटते.

दोन स्कॅनची तुलना करताना क्ष-किरण नळीचा व्होल्टेज शक्यतो सारखाच ठेवावा लागतो, कारण तो बदलला की त्याच थराची घनता वेगळी भरते.