परसबागेच्या मातीचा सामू : ८.५ चा आकडा आला कुठून

अकोला, अमरावती, यवतमाळकडच्या काळ्या मातीतल्या परसबागेचा नमुना तपासला तर सामू (pH, म्हणजे माती आम्ल की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा) बहुधा आठच्या आसपास निघतो आणि ८.५ च्या आत आहे म्हणून पुढे ‘साधारण’ असा शेरा पडतो. बागेत मात्र गुलाबाची आणि लिंबाची कोवळी पानं पिवळी पडलेली, फक्त शिरा हिरव्या. लोह मिळत नसल्याची ही खूण. अहवाल खोटा नाही आणि झाडही खोटं बोलत नाही. घोळ आहे तो शेऱ्यात, आणि त्याची मुळं बरीच लांब आहेत.

सामू मोजायची सोय नव्हती तेव्हाही विदर्भातल्या जमिनीची प्रतवारी होत होती. मध्य प्रांतातल्या जमीन बंदोबस्ताने गावातलीच नावं दप्तरात घेतली: काळी, मोरांड, खरडी, बरडी, धानपट्ट्यात कन्हार आणि सिहार. हेतू शेतसारा ठरवण्याचा होता, पण मोरांडीतले चुनखडीचे खडे तेव्हाही लोक ओळखत. सामूची मोजपट्टी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या एका बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत जन्मली. भारतात सरकारी माती परीक्षण सुरू झालं १९५५-५६ मध्ये, अमेरिकेबरोबरच्या करारातून उभ्या राहिलेल्या १६ प्रयोगशाळांपासून.

करार अमेरिकेशी होता हे इथे महत्त्वाचं आहे. त्याच्या थोडं आधी, १९५४ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगशाळेने क्षारपड जमिनींची जी विभागणी छापली ती जगभर प्रमाण मानली गेली. तिच्यात चोपण (सोडियम साचून निचरा बिघडलेल्या) जमिनीची एक खूण होती, सामू ८.५ च्या वर. पुढे आपल्याकडच्या तक्त्यांतही हीच रेघ आली: ६ च्या आत आम्ल, ६ ते ८.५ साधारण, ८.६ ते ९ चोपण होण्याच्या वाटेवर, ९ च्या वर चोपण. म्हणजे मुळात हा आकडा ‘या जमिनीत सोडियम इतका साचला आहे का, की ती सुधारायला घ्यावी लागेल?’ या प्रश्नाचं उत्तर होता. ‘इथे मोगरा, जास्वंद, गोडलिंब (कढीपत्ता) नीट वाढेल का?’ हे त्या तक्त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

त्यातही दोन गुंते आहेत. पहिला मोजण्याच्या रीतीचा. कॅलिफोर्नियात माती पाण्याने भिजवून तिची पेस्ट करून सामू घेत. आपल्याकडे एक भाग मातीला अडीच भाग पाणी घालून घेतात. पाणी वाढलं की विम्ल (अल्कधर्मी) मातीचा आकडा थोडा वर सरकतो, म्हणून दोन्हीकडचा ८.५ एकच नव्हे. हरियाणातल्या चोपण जमिनींवर आयुष्य घालवलेल्या संशोधकांनी पुढे पेस्टमधल्या सामूसाठी ८.२ हीच सीमा धरावी असं मांडलं. शिवाय पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातल्या अभ्यासांनी दाखवलं, की आपल्या चिकण काळ्या मातीत कणांना चिकटलेल्या धनभारित घटकांतला सोडियमचा वाटा १५ टक्क्यांच्या प्रचलित मर्यादेच्या बराच आत असतानाच निचरा बिघडतो. तरी रोजच्या अहवालांत ८.५ टिकून राहिला. मला हे पटत नाही. तक्ता बदलणं कठीण असेल, पण काळ्या मातीसाठी निदान वेगळा शेरा द्यायला काय हरकत होती?

दुसरा गुंता चुनखडीचा, आणि परसबागेला खरा त्रास तिचाच. मातीत मोकळी चुनखडी, म्हणजेच मोकळा चुना (कॅल्शियम कार्बोनेट), असली की सामू ८.२ च्या आसपास जाऊन थांबतो. चुना दोन टक्के असो की बारा, आकडा जवळपास तोच. त्यामुळे नुसत्या सामूवरून चुना किती हे कळत नाही. इकडे सामू एका अंकाने चढला की मातीतलं विरघळू शकणारं लोह सुमारे हजारपटीने घटतं. वरुड-मोर्शीकडच्या संत्रा बागायतदारांना ही पिवळी पानं चांगलीच ठाऊक आहेत. तिकडे खुंट (ज्यावर कलम बांधतात ते रोप) निवडण्यापासून चुनखडीचा विचार होतो. अंगणातल्या लिंबाचा तेवढा विचार कुणी केला नाही.

२०१५ मध्ये मृदा आरोग्य पत्रिका आली. तिच्यात बारा बाबी आहेत, त्यात सामू आहे, मोकळा चुना नाही. नमुन्यांचं जाळंही शेतीसाठी आखलेलं: बागायतीत अडीच हेक्टरला एक, कोरडवाहूत दहा हेक्टरला एक. पत्रिका शेताच्या गट नंबरावर निघते. घरामागची गावठाणातली वाडी त्यात बसत नाही. बचत गटांच्या आणि शाळांच्या पोषण परसबागा वाढल्या त्या याच काळात. म्हणजे सांभार (कोथिंबीर), वांगी, पालक, शेवगा लावायचा सल्ला घरोघर गेला, पण त्या मातीची तपासणी मागे राहिली.

रिकामी जागा ऐकीव सल्ल्याने भरली. चुलीची राख टाका, चुना टाका, ही शिकवण आम्ल मातीच्या मुलखातली. गडचिरोली, गोंदियाच्या लालसर, भरपूर पावसाने धुतलेल्या मातीत राख उपयोगी पडू शकते. दर्यापूर किंवा पुसदच्या काळीत तीच राख सामू आणखी वर नेते. न्हाणीचं साबणाचं पाणी वाफ्यात सोडलं की सोडियमची भर पडते. जिप्समच्या सल्ल्यातही घोळ आहे. सोडियम हटवायला ते उत्तम, पण चुनखडीमुळे चढलेला सामू त्याने उतरत नाही. गंधकाने उतरतो, मात्र हिशेब करून पाहावा. एक चौरस मीटर वाफ्यात सहा इंचांपर्यंत सुमारे दोनशे किलो माती असते. पाच टक्के चुना म्हणजे दहा किलो, आणि तो मारायला सव्वातीन किलो गंधक. एवढं कुणी टाकत नाही, टाकूही नये. म्हणून शेणखत, पालापाचोळा, बुंध्याशी थोडं गंधक आणि पानांवर हिराकशीची (फेरस सल्फेटची) हलकी फवारणी, असा मार्ग रुळला. हिराकस नुसती मातीत टाकली तर चुनखड जमिनीत लवकरच निकामी होते.

नमुना घेताना घराच्या भिंतीपासून दूरची माती घ्यावी, कारण गिलाव्याचा आणि सिमेंटचा चुरा तिथे आकडा फुगवतो. उकिरड्याची आणि राखेच्या ढिगाची जागा टाळावी. भाजीसाठी सहा इंचांपर्यंतची माती पुरते, लिंबू-संत्र्यासाठी फूट-दोन फूट खालची वेगळी बांधून द्यावी. सोबतच्या चिठ्ठीवर ‘मोकळा चुनाही मोजावा’ असं स्पष्ट लिहावं.