न्यू मेक्सिकोतील स्पॅनिश वसाहत

न्यू मेक्सिकोतील स्पॅनिश वसाहत (१५९८–१८२१) : आजच्या अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात, रिओ ग्रांदे नदीच्या वरच्या खोऱ्यात स्पेनने वसवलेला प्रांत. मेक्सिको शहरापासून सुमारे २,५०० किमी. दूर असलेला हा मुलूख स्पेनच्या अमेरिकी साम्राज्याची उत्तर सरहद्द होता. इथे चांदी सापडली नाही, समुद्र जवळ नाही आणि पाऊसही बेभरवशाचा. वसाहत तगली ती मुख्यतः पुएब्लो लोकांच्या मक्यावर, आणि त्याच पुएब्लोंनी १६८० मध्ये ती मुळासकट उखडून टाकली. पुढे ती पुन्हा उभी राहिली, पण पूर्वीच्या अटींवर नाही.

पुएब्लो हा एक समाज नव्हे. मातीच्या, एकावर एक मजले चढवलेल्या घरांची कायमची गावे करून राहणाऱ्या अनेक जमातींना स्पॅनिशांनी दिलेले हे नाव आहे. या गावांत तेवा, तिवा, केरेस, झुनी, होपी अशा वेगवेगळ्या भाषा बोलल्या जात. मका, घेवडा, भोपळा आणि कापूस ही त्यांची पिके. १५४० मध्ये कोरोनादो या स्पॅनिश सरदाराची मोहीम सोन्याच्या शोधात इथे येऊन गेली. तिने धान्य आणि अंगावरची पांघरुणे लुटली, गावे जाळली आणि दोन वर्षांनी ती रिकाम्या हाती परतली.

कायमची वस्ती केली हुआन दे ओन्यातेने. मेक्सिकोतील साकातेकासच्या चांदीवर गब्बर झालेल्या घराण्यातला हा माणूस. मोहीम त्याने स्वतःच्या खर्चाने काढली. बरोबर सुमारे १३० सैनिक, त्यांच्यापैकी काहींची कुटुंबे, कॅथलिकांच्या फ्रान्सिस्कन पंथाचे धर्मगुरू, ८० हून अधिक गाडे आणि सुमारे ७,००० जनावरे होती. एप्रिल १५९८ मध्ये त्याने रिओ ग्रांदेकाठी राजा दुसरा फिलिप याच्या नावाने प्रदेशाचा ताबा जाहीर केला. (स्पेन आणि पोर्तुगाल यांचा राजा तेव्हा एकच असल्याने गोव्यावरही त्याच फिलिपचा अंमल होता.) ओके ओविंगे या तेवा गावात वसाहतवाल्यांनी मुक्काम टाकला आणि पहिल्याच हिवाळ्यात आसपासच्या गावांकडून धान्य व कपडे वसूल करायला सुरुवात केली.

याच वसुलीतून आकोमाची कत्तल घडली. शंभर मीटरहून उंच, सपाट माथ्याच्या कड्यावर वसलेल्या या गावात डिसेंबर १५९८ मध्ये ओन्यातेचा भाचा आणि त्याचे काही सैनिक मारले गेले. जानेवारीत स्पॅनिशांनी तोफा वर चढवून गाव उद्ध्वस्त केले. सुमारे ८०० माणसे मेली. उरलेल्यांवर रीतसर खटला चालला. शिक्षा अशी : पंचविशी ओलांडलेल्या पुरुषांचा एक पाय तोडायचा आणि त्यांनी वीस वर्षे वेठबिगारी करायची; बारा वर्षांवरील मुली व स्त्रियांनाही वीस वर्षांची वेठ. सरहद्दीवर दोन्ही बाजूंनी हिंसा होतेच, असे म्हणून या निकालाचे वजन कमी करता येत नाही. पुढे १६१४ मध्ये खुद्द स्पॅनिश न्यायालयाने ओन्यातेला क्रौर्याबद्दल दोषी ठरवून न्यू मेक्सिकोतून कायमचे हद्दपार केले. आकोमात ही आठवण आजही ताजी आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस ओन्यातेच्या पुतळ्याचा एक पाय कोणीतरी कापून नेला. २०२० मध्ये तो पुतळाही हलवण्यात आला.

१६०९ मध्ये प्रांत थेट राजसत्तेखाली आला आणि पुढच्या वर्षी गव्हर्नर पेद्रो दे पेरल्ताने सांता फे ही राजधानी वसवली. पुएब्लोंच्या प्रत्येक घराने दरवर्षी ठरावीक मका आणि एक सुती चादर किंवा कातडे द्यावे, असा ‘एन्कोमिएन्दा’चा रिवाज होता. वर चर्च बांधणे, गुरे राखणे ही बिनमोबदला कामे. गव्हर्नर आणि धर्मगुरू एकमेकांशी भांडत, पण दोघांचाही भार त्याच घरांवर पडे. १६६१ मध्ये धर्मगुरूंनी कचिना नृत्यांवर, म्हणजे मुखवटे घालून केल्या जाणाऱ्या पुएब्लोंच्या धार्मिक नृत्यांवर, बंदी घालून सुमारे १,६०० पवित्र मुखवटे नष्ट केले. त्यानंतरच्या दुष्काळात माणसे उपासमारीने मेली, आपाचे या भटक्या जमातीचे हल्ले वाढले, आणि जुने विधी सोडल्यामुळेच पाऊस रुसला ही भावना गावोगाव पक्की झाली. १६७५ मध्ये गव्हर्नरने ४७ पुएब्लो धर्मपुरुषांना पकडले. तिघांना फाशी दिले, इतरांना फटके मारले. हत्यारबंद पुएब्लो सांता फेत येऊन ठाकल्यावर त्याला बाकीच्यांना सोडावे लागले. त्यांत ओके ओविंगेचा पोपे होता.

पाच वर्षांनी पोपे आणि त्याच्या साथीदारांनी जे जुळवून आणले ते असामान्य होते. भाषा वेगळ्या, गावे शेकडो किलोमीटर विखुरलेली. धावणाऱ्या निरोप्यांच्या हाती गाठी मारलेल्या दोऱ्या दिल्या. रोज एक गाठ सोडायची, शेवटची सुटली की उठायचे. दोन निरोपे पकडले गेले, म्हणून उठाव ठरलेल्या दिवसाआधीच, १० ऑगस्ट १६८० रोजी झाला. २१ धर्मगुरूंसह सुमारे ४०० वसाहतवाले मारले गेले. सांता फेला वेढा घालून पुएब्लोंनी गढीत जाणारा पाण्याचा पाट तोडला. २१ ऑगस्टला गव्हर्नर ओतेर्मीन उरलेल्यांसह शहर सोडून दक्षिणेला एल पासोकडे निघाला. बारा वर्षे प्रांतात स्पॅनिश सत्ता नव्हती.

१६९२ मध्ये नवा गव्हर्नर दिएगो दे वार्गास स्पॅनिश सैन्य घेऊन आला. पहिली फेरी जवळपास रक्तपाताविना पार पडली. पुढच्या वर्षी सांता फे मात्र लढूनच घ्यावे लागले आणि १६९६ मध्ये पुन्हा उठाव झाला. पण एन्कोमिएन्दा परत आली नाही, विधींकडे धर्मगुरू बरेचदा काणाडोळा करू लागले, आणि पुएब्लो लढवय्ये स्पॅनिशांच्या मोहिमांत साथीदार म्हणून जाऊ लागले.

या दुसऱ्या टप्प्यात वस्ती पसरली ती जमीन-सनदांमधून. घरटी शेताचा अरुंद पट्टा मिळे. कुरण आणि रान सामाईक असे. आधी पाट काढायचा, मग शेत, हा क्रम. ‘आसेकिया’ म्हणजे हे मातीचे पाट. ते दर वसंतात सर्वांनी मिळून उपसायचे आणि पाण्याच्या पाळ्या निवडून दिलेल्या पाटकऱ्याने ठरवायच्या. आपाचे आणि कोमांचे या हल्लेखोर जमातींच्या वाटांवर ‘हेनिसारों’ना बसवले गेले. लढायांत पकडलेली, विकत घेतलेली, स्पॅनिश घरांत नोकर म्हणून वाढलेली ही विविध जमातींची माणसे. त्यांना १७५४ मध्ये आबिक्यू या गावाची सनद मिळाली. गुलामगिरीतून सुटून जमिनीचे धनी झालेले हे लोक वसाहतीची ढाल बनले, आणि इतिहासात त्यांना मिळालेली जागा फार अपुरी आहे. कोमांचेंशी १७८६ मध्ये गव्हर्नर अन्सा आणि त्यांचा नेता एकुएराकापा यांनी केलेला तह दीर्घकाळ टिकला.

१८२१ मध्ये प्रांत स्वतंत्र मेक्सिकोत गेला, तर १८४८ च्या तहाने अमेरिकेकडे. तहात मालमत्तेच्या रक्षणाची हमी होती. तरीही १८९७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सनदांतील सामाईक जमीन सरकारची ठरवली, आणि अनेक गावांकडे घरे व शेताचे पट्टे तेवढे उरले.