छोट्या होडीची कागदपत्रं: नोंदणी, मासेमारी परवाना आणि त्यांच्या जोरावर मिळणारं बाकी सगळं

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात पाय ठेवायला जागा नसते. पावसाळी मासेमारी बंदी उठायला चार दिवस उरलेले असतात. जाळी तुणून झालेली, होडीला रंग लागलेला, खलाशांना उचल दिलेली. आणि तेव्हाच कोणाच्या तरी लक्षात येतं, की परवान्याची मुदत मे महिन्यातच संपली. पोर्टलही नेमकं त्याच दिवशी गोल गोल फिरत बसतं. मी त्या गर्दीत बसून लोकांचे अर्ज भरून देतो, आणि दर वर्षी त्याच चार-पाच चुका पाहतो. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत ज्यांची बिगरयांत्रिक किंवा एक-दोन-तीन सिलिंडरची होडी आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मोठ्या ट्रॉलरवाल्यांकडे कागद सांभाळायला माणूस असतो.

नोंदणी वेगळी, परवाना वेगळा

हा घोळ आधी मिटवू. नोंदणी म्हणजे गाडीचं आरसी बुक: होडी कोणाची, किती लांबीची, लाकडाची की फायबरची, इंजिन कोणतं. नोंदणी झाली की 'आयएनडी-एमएच'ने सुरू होणारा नंबर मिळतो आणि तो नाळीच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, दोन्ही बाजूंना रंगवायचा असतो. मासेमारीचा परवाना म्हणजे टॅक्सीचं परमिट. आरसी आहे म्हणून कोणी टॅक्सी चालवू शकत नाही, तसंच नंबर आहे म्हणून जाळं टाकता येत नाही. परवाना मिळतो तो महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, 1981 खाली. त्याला मुदत असते आणि ती संपण्याआधी नूतनीकरण करावं लागतं.

"माझी वल्ह्याची होडी, मला कशाला परवाना?" हे मी शंभरदा ऐकलंय. लागतो. कायद्यातल्या नौकेच्या व्याख्येत इंजिन असलेली आणि नसलेली, दोन्ही येतात. 2021 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना मासेमारीचा दंड 5 लाखांपर्यंत जाऊ शकतो. होडीच तेवढ्याची नसते.

नोंदणी आणि परवाना, दोन्हींचे अर्ज केंद्राच्या 'रिअलक्राफ्ट' पोर्टलवर ऑनलाइन जातात. पुढे ते तुमच्या भागातल्या मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्याकडे येतात. जिल्ह्याच्या पातळीवर सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांचं कार्यालय असतं. अर्ज अडला तर तिथे जायचं, थेट मुंबईला धावायची गरज नाही.

अर्ज कोणी करायचा, कोणते कागद

अर्जदार होडीचा मालक हवा. तांडेल, म्हणजे समुद्रात होडी चालवणारा, वेगळा असला तरी चालतो, पण अर्ज मालकाच्या नावाने. भागीदारीत होडी असेल तर सगळ्या भागीदारांची नावं आधीच घाला. नंतर भांडण झालं की कागदावर ज्याचं नाव, त्याचीच होडी.

आधार, पॅन, बँक पासबुक, फोटो आणि आधारला जोडलेला चालू मोबाईल हे तर लागतंच. त्याशिवाय होडी बांधणाऱ्याचा दाखला, ज्यात लांबी, रुंदी, खोली आणि बांधणीचं वर्ष असतं. इंजिनाचं बिल, त्यावर इंजिन नंबर, अश्वशक्ती आणि सिलिंडर. नंबर दिसेल असा होडीचा आडव्या बाजूने काढलेला फोटो. विकत घेतलेली असेल तर खरेदीचा कागद. मच्छीमार सहकारी संस्थेचा सभासद असल्याचा दाखला किंवा शिफारसपत्र बहुतेक ठिकाणी मागतात. नवी होडी बांधायची असेल तर बांधणी सुरू करण्याआधी विभागाला विचारा. बांधून झाल्यावर परवानगी मागायला गेलेल्यांचे हाल मी पाहिलेत.

आता इंजिन नंबरबद्दल, कारण निम्मे अर्ज तिथेच अडतात. खाऱ्या हवेने नंबरची पट्टी खाल्लेली असते. लोक वरवर फोटो काढतात, त्यात 3 चा 8 दिसतो, 1 चा 7. अर्जात एक, बिलात दुसरं, तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला तिसरंच दिसतं. उपाय साधा आहे. डिझेलमध्ये भिजवलेल्या चिंधीने पट्टी पुसा, सुकली की वरून खडू घासा, मग बोटाने हलकेच पुसा. खडू खोदलेल्या अक्षरांत राहतो आणि नंबर पांढरा उठून दिसतो. तेव्हा फोटो काढा, तोही दुपारच्या उन्हात नाही, सावलीत.

दुसरा मोठा घोळ नावाचा. आधारवर 'पांडुरंग', बँकेत 'पांडूरंग', संस्थेच्या जुन्या रजिस्टरात नुसतंच 'पांडू'. माणूस एकच आहे हे सगळ्या गावाला माहीत असतं, पण पोर्टलला गाव माहीत नसतं. अर्ज करण्याआधी आधार आणि बँक सारखं करून घ्या, बाकीचं त्याप्रमाणे सुधारता येतं.

तिसरा घोळ मेलेल्या माणसाच्या नावाचा. वडील जाऊन सहा वर्षं झाली, होडी मुलगा चालवतोय, परवाना अजून वडिलांच्या नावावर. कोणी विचारलं नाही म्हणून चाललं. अपघात झाला की विचारतात. मृत्यू दाखला, वारसाचा कागद आणि बाकीच्या भावंडांचं संमतीचं प्रतिज्ञापत्र, एवढ्यावर नाव बदलतं. बहिणींची संमती विसरू नका. घरात ती कोणी विचारत नाही, कार्यालयात विचारतात. विकलेल्या होडीचंही तसंच. मालवणात विकलेली होडी देवगडात फिरते आणि तिने काही केलं तर नोटीस मालवणच्या घरी येते.

परवान्यावर काय लिहिलंय ते वाचा

परवाना म्हणजे समुद्रात काहीही करण्याची मुभा नव्हे. त्यावर मासेमारीचा प्रकार लिहिलेला असतो: डोल, गिलनेट, रापण, ट्रॉल. गिलनेटच्या परवान्यावर दुसरं जाळं टाकलं तर ती विनापरवाना मासेमारीच. एलईडी दिवे लावून मासे गोळा करण्यावर बंदी आहे आणि त्याचा दंड 5 लाखांपासून 20 लाखांपर्यंत. हे छोट्या होडीवाले करत नाहीत, पण रात्री दुसऱ्याच्या उजेडात जाऊन जाळं टाकणारे आहेत. पकडल्यावर 'दिवा माझा नव्हता' हे सांगत बसावं लागतं.

पावसाळी बंदी 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस. ती यांत्रिक होड्यांना आहे, बिगरयांत्रिक पारंपरिक होडीला तिच्यातून सूट आहे. पण वल्ह्याच्या होडीला मागून आउटबोर्ड मशीन लावलं की ती बिगरयांत्रिक राहत नाही. नोंदणीवर 'बिगरयांत्रिक' आणि मागे मशीन घरघरतंय, अशा होड्या प्रत्येक बंदरात आहेत. नोंदणीत बदल करून घ्या, त्याचा फायदा पुढे कर्जालाही होतो.

छोट्या मासळीचा नियम मात्र सगळ्यांना लागू आहे, आणि इथे मी थोडं थांबणार. राज्याने 2023 मध्ये 54 जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. सरंगा, म्हणजे चंदेरी पापलेट, 135 मिलिमीटर. त्याच वर्षी तो राज्याचा मासा म्हणून जाहीर झाला, तेव्हा मान त्याला आहे. बोंबील 180, सुरमई 370, घोळ 700. शाळेतली पट्टी 15 सेंटीमीटरची असते. सरंगा तिच्यावर ठेवला आणि साडेतेराच्या खुणेपर्यंत पोचला नाही, तर तो पकडायचा नव्हता. एक पट्टी टपात टाकून ठेवा, दंडापेक्षा स्वस्त पडते.

यावर बंदरात एकच वाद होतो: "आम्ही सोडला तर पुढचा पकडेल." खरं आहे, काही अंशी. पण तळहाताएवढी पापलेटं लिलावात कोणत्या भावाने जातात ते आपण सगळे बघतो. तोच मासा चार-सहा महिने समुद्रात राहिला तर वजन वाढतं आणि किलोचा भावही चढतो, कारण मोठ्या पापलेटाचा दर्जाच वेगळा. डोल जाळ्याच्या खोळ्याला, म्हणजे मागच्या पिशवीला, आस (जाळीचं भोक) बारीक असली की ही पिल्लं निवडून सोडताही येत नाहीत, वर येईपर्यंत मेलेली असतात. म्हणून निर्णय जाळं विकत घेताना करावा लागतो. बंदरावर पकड ओतल्यावर पट्टी काढून उपयोग नाही.

राज्याची हद्द किनाऱ्यापासून 12 सागरी मैल, साधारण 22 किलोमीटर. त्यापलीकडे केंद्राचे नियम. नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राने त्या पट्ट्यासाठी नवे नियम आणले, त्यात यांत्रिक आणि मोठ्या मोटर होड्यांना प्रवेश पास घ्यायचा आहे. तो रिअलक्राफ्टवरच विनाशुल्क मिळतो. पारंपरिक आणि छोट्या होड्यांना त्यातून सूट आहे. कोणी पास काढून देतो म्हणून पैसे मागितले तर देऊ नका.

परवान्याच्या जोरावर काय मिळतं

परवाना काढायचा तो फक्त दंड चुकवायला, असं समजणारे बरेच आहेत. खरा हिशेब इथे सुरू होतो.

डिझेल घ्या. यांत्रिक होडीला संस्थेच्या पंपावरून मंजूर कोट्यातलं डिझेल घेतलं की मूल्यवर्धित कराचा परतावा मिळतो. नोंदणी, चालू परवाना आणि संस्थेचं सभासदत्व, तिन्ही हवं. परतावा उशिरा येतो ही तक्रार सगळ्यांची आहे आणि रास्त आहे. पण मुदत संपलेल्या काळातल्या डिझेलचा परतावा उशिरा नाही, येतच नाही.

किसान क्रेडिट कार्ड. 2018-19 पासून ते मच्छीमारांनाही मिळतं. स्वतःची किंवा भाड्याची नोंदणीकृत होडी आणि मासेमारीचा परवाना, ही समुद्रातल्या मच्छीमाराची पात्रता. 2 लाखांपर्यंत तारण लागत नाही. व्याज 7 टक्के, वेळेवर फेडलं तर आणखी 3 टक्के सवलत, म्हणजे 4 टक्के. 2 लाख वर्षभर वापरले तर 14,000 ऐवजी 8,000 व्याज. पण वाचलेले 6,000 हा त्यातला लहान फायदा. मोठा फायदा असा, की ऑगस्टमध्ये व्यापाऱ्याची उचल घ्यावी लागत नाही. उचल घेतलेला माणूस मासळी त्याच व्यापाऱ्याला घालतो, तो म्हणेल त्या भावाने, हंगामभर. त्या व्याजाचा आकडा कुठल्याच कागदावर येत नाही.

अर्ज पूर्ण असेल तर बँकेने 14 दिवसांत निर्णय द्यायचा असतो. 'पूर्ण' हा शब्द महत्त्वाचा. अर्ज दिल्याची तारखेसह पोच घ्या. एका शाखेने आमच्या एका माणसाला तीन महिने "साहेब रजेवर आहेत" एवढंच सांगितलं. पोच नव्हती, त्यामुळे वर तक्रारही करता आली नाही. हे कार्ड होडीवाल्यांपुरतंच नाही. मासळी विकणाऱ्या बायकांच्या बचतगटांनाही ते मिळतं, आणि परतफेडीत त्या पुरुषांपेक्षा चोख असतात, हे माझं मत.

एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. त्यातल्या सवलती आपोआप दारात येत नाहीत, त्यांनाही हेच कागद लागतात.

विमा. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतला सामूहिक अपघात विमा 18 ते 70 वयाच्या मच्छीमाराला आहे आणि हप्ता सरकार भरतं. अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर 5 लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर अडीच लाख, दवाखान्यात दाखल झालं तर 25,000 पर्यंत. यादीत तांडेलाचं नाव असतं, खलाशाचं राहून जातं. परजिल्ह्यातून किंवा परराज्यातून आलेल्या खलाशांची नावं मालकानेच चढवून घ्यायला हवीत. बुडून मेला तर पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. माणूस सापडलाच नाही तर तो त्या दिवशी होडीवर होता याचा पहिला पुरावा म्हणजे निघताना बंदरावर सुरक्षा रक्षकाकडे लिहिलेली टोकनची नोंद. पाच नावं लिहून सात जण नेऊ नका.

राष्ट्रीय मत्स्य डिजिटल पोर्टल सप्टेंबर 2024 मध्ये सुरू झालं. तिथे मच्छीमार, खलाशी, विक्रेती, सगळ्यांनी नाव नोंदवायचं. आधार, मोबाईल, बँक खातं एवढं पुरतं, गावच्या आपले सरकार किंवा सीएससी केंद्रावर होतं. केंद्राच्या पुढच्या योजना याच नोंदणीवरून येणार, त्यामुळे टाळू नका.

होडीवर बसवायचा इस्रोचा ट्रान्सपॉन्डरही फुकट आहे. देशभरातल्या एक लाख होड्यांसाठीची ही योजना ऑगस्ट 2024 मध्ये पालघरला सुरू झाली. मोबाईलची रेंज संपते तिथून तो हवामानाचा इशारा देतो आणि संकटात संदेश पाठवतो. त्यालाही नोंदणी नंबर लागतो.

आणि वादळाची भरपाई. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये क्यार आणि महा ही दोन वादळं लागोपाठ आली, हंगामाचे ऐन दिवस गेले. 2020 मध्ये राज्याने सुमारे 65 कोटींचं पॅकेज दिलं. तेव्हा ज्यांचे कागद नीट होते त्यांच्या खात्यात पैसे आले. ज्यांचे नव्हते ते त्याच संस्थेच्या पायरीवर बसून होते.

कधी करायचं

जूनच्या पहिल्या आठवड्यात. होडी वर ओढलेली असते, तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला ती कोरड्यात दिसते, मोजता येते, नंबर वाचता येतो. ऑगस्टमध्ये तोच अधिकारी येईल तेव्हा होडी समुद्रात आणि तुम्ही झोपेत. अर्जाचा नंबर वहीत लिहून ठेवा, फोन पाण्यात पडतो. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा, पोर्टलवरचा शेरा असला तर त्याचा फोटो काढा. 'कागद अपुरे' एवढंच लिहिलं असेल तर कोणता कागद ते विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत दुसरा अर्ज टाकू नका. एकाच होडीचे दोन अर्ज दिसले की दोन्ही अडकतात.

मूळ कागद घरी ठेवा, पत्र्याच्या पेटीत. होडीवर परवान्याची लॅमिनेट केलेली प्रत न्या. आमच्याकडे एकाने मूळ नोंदणीच कॅबिनमध्ये खिळ्याने ठोकली होती, पहिल्याच सरीत शाई उतरली आणि खाली फक्त शिक्का राहिला.